पाच पात्यांचं मशीन

विष्णू शेडगेला बापाकडून जे मिळालं, ते उचलायला दोन माणसं लागायची.

बाप सर्जेराव मूळचा कोरेगाव तालुक्यातला. पलटणीबरोबर जयपूरला आला, पण शिपाई म्हणून नव्हे. ऑफिसरांच्या मेसचा माळी म्हणून. पलटण दुसरीकडे गेली, सर्जेराव राहिला. मेसचं गवत कापायचं जुनं मशीन कंडम ठरून लिलावात निघालं, तेव्हा ते त्यानेच घेतलं. वीस वर्षं ज्याच्यामागे चाललो ते दुसऱ्या कुणी न्यावं, हे त्याला पटलं नसावं. पुढे नोकरी सुटली तरी त्याच मशीनवर त्याने चार बंगल्यांची लॉनं कापली आणि १९८४ च्या उन्हाळ्यात वारला. थोरल्या दिलीपने सायकल घेतली, भिंतीवरचं घड्याळ घेतलं, पाण्याचं पिंप घेतलं. मशीन मागितलं नाही कुणी, म्हणून ते विष्णूचं झालं.

मशीन बिडाचं, सोळा इंच रुंद. मागे रोलर. रोलर जमिनीवर फिरला की साखळी फिरायची आणि साखळीने पुढचा पिंजरा. पिंजऱ्याला पाच पाती, दोरीला पीळ द्यावा तशी वळलेली. त्याखाली एक सरळ पट्टी. प्रत्येक पातं त्या पट्टीला चाटून जायचं आणि दोघांच्या मध्ये सापडेल ते गवत कापलं जायचं. एका माणसाने पुढून खांद्यावर दोरी घेऊन ओढायचं, दुसऱ्याने मागून दांडा धरून ढकलायचं. एकट्याने चालणारं ते मशीनच नव्हतं.

विष्णू माळी नव्हता. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पंपाचे भाग बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे नऊ वर्षं फिटर होता. हात चांगला. एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, आठवा हिस्सा बोटाने ओळखायचा. १९८५ च्या पावसाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं. तोवर तो आणि गिरिजा झोटवाड्याला दिलीपच्या घरात राहत होते. घर म्हणजे दीड खोली, अर्धी ह्यांची. मध्ये चादर. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं त्या चादरीच्या अलीकडे कुजबुजत काढली होती.

दसऱ्याच्या सुमाराला कळलं, की टोंक रोडच्या आत एका ट्रस्टच्या बगीच्याला माळी पाहिजे. बगीचा म्हणजे लग्नांना भाड्याने द्यायचं गवताचं मैदान. आधीचा माळी महिन्यापूर्वी गावी गेला तो परतला नव्हता. पगार बेताचा, पण मागे पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती. दगडी पट्ट्यांचं छत, बाहेर नळ. अट एकच, माळ्याचं स्वतःचं मशीन पाहिजे. ट्रस्टचे सचिव म्हणून कारभार बघणाऱ्या गृहस्थांना सगळे मंत्रीजी म्हणत. त्यांनी विष्णूला दोनच प्रश्न विचारले.

"मशीन है?"

"है, मंत्रीजी."

"चलती है?"

"चलती है."

हातगाडीवर मशीन, त्यावर दोन गाद्या आणि भांड्यांचं पोतं असं झोटवाड्याहून आलं. दहा किलोमीटरच्या वर. विष्णूने गाडी ओढली, गिरिजाने ढकलली. पोचल्यावर गिरिजाने खोली झाडली, पाणी भरलं, मग भर दुपारी दार लावून आतून कडी घातली आणि जमिनीवर नुसती बसून राहिली. तिच्या आयुष्यातली पहिली कडी ती. माहेरी सोप्यात सात जणं झोपायची, झोटवाड्याला चादर.

"काय करतीयास?" विष्णूने बाहेरून विचारलं.

"काय न्हाई. बसलीया."

त्याच संध्याकाळी तो राहिलेली घागर आणायला झोटवाड्याला गेला. त्यांची गादी असायची तिथे वहिनीचं, विनयाचं, शिलाई मशीन मांडलेलं होतं. बाजूला कापडाचे गठ्ठे. तिने तसं करण्यात काही वाईट नव्हतं. पण विष्णूला एवढं समजलं, की आता परत यायला जागा नाही.

मैदान पंच्याहत्तर पावलं लांब आणि चाळीस पावलं रुंद. मशीनचा पट्टा एकावर एक थोडा चढवत न्यावा लागतो, म्हणजे फुटाचा धरायचा. शंभर पट्टे. शंभर गुणिले पंच्याहत्तर, साडेसात हजार पावलं एका कापणीला. गिरिजा दोरीला, विष्णू दांड्याला.

पहिल्याच पट्ट्यात कळलं, की मशीन बोथट झालंय. बाप गेल्यापासून दीड वर्ष ते दिलीपच्या जिन्याखाली पडून होतं. काही पाती कापायची, काही नुसती गवत वाकवून पुढे जायची. गिरिजाच्या खांद्यावर दोरीचा वळ उठला. सोळा पट्ट्यांनंतर विष्णूने थांबवलं.

"धार लावावी लागेल," तो म्हणाला.

"मामंजी तर कधी लावत नव्हते म्हणं."

"बाबांना जमत नव्हती म्हणून लावत नव्हते."

हे खरं होतं असं त्याला मनापासून वाटत होतं. सर्जेराव मशीनला कुणाला हात लावू द्यायचा नाही आणि पात्याला कानस दाखवायची नाही असं बजावायचा. विष्णूने ते म्हाताऱ्याचं वेड धरलं होतं. बाप माळी, हा फिटर. लोखंडातलं कुणाला जास्त कळणार?

जुन्या कारखान्याजवळ, सीकर रोडला, ओळखीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडर होता. दुकान बंद व्हायच्या आधी दोन तास तो वापरायला मिळाला. विष्णूने पिंजरा सोडवून नेला आणि पाचही पात्यांना एकेक करून दगडावर धार दिली. सुरीला देतात तशी. काम सुंदर झालं. अंगठ्याची कातडी नुसती टेकली तरी रेघ उठत होती. दुकानदार बघायला आला आणि म्हणाला, असा हात सगळ्या सीकर रोडला नाही. विष्णू खूश होऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन जोडून त्यांनी पंधरा पट्टे ओढले. सोळावा ओढला नाही.

गवत कापलं जात नव्हतं, उपटलं जात होतं. एक पातं पट्टीला घासून किंचाळायचं, पुढचं पट्टीला शिवायचंच नाही. जिथे शिवत नव्हतं तिथे गवत मुळासकट ओढून निघत होतं. मागे वळून बघितलं तर मैदानावर हात हात लांबीचे मातीचे डाग. कुत्र्याला खरूज व्हावी तसं दिसत होतं.

नेमके त्याच वेळी मंत्रीजी फाटकातून आत आले. पांढरं धोतर, हातात किल्ल्यांचा जुडगा. एका डागाशी येऊन थांबले.

"शेडगेजी, घास काटी है या नोची है?"

विष्णूने दांडा खाली ठेवला.

"हजामत बनाने को कहा था, खाल उतारने को नहीं." मग आवाज न चढवता म्हणाले, "देवउठनी ग्यारस को पहली शादी है. पंद्रह दिन. सांगानेर का एक आदमी अपनी मशीन लेकर आने को तैयार बैठा है. ग्यारस से दो दिन पहले मैदान देखूँगा. ठीक हुआ तो साल भर का कागज़. नहीं हुआ तो चाबी दे देना."

राजस्थानात त्या कार्तिकी एकादशीला मुहूर्त न बघता लग्नं लागतात. त्या दिवशी शहरात एकही मैदान रिकामं नसतं. मंत्रीजींचं चुकत होतं असं नाही.

ते गेल्यावर गिरिजाने दोरी गुंडाळली. "बिघडलं व्हय?"

"मी बिघडवलं," विष्णू म्हणाला.

काय बिघडवलं ते मात्र त्यालाच कळत नव्हतं. पिंजरा पोत्यात बांधून तो सीकर रोडला देवरामकडे गेला. देवराम कारखान्यातला त्याचा उस्ताद. कारखाना बंद झाल्यावर त्याने एक जुनं लेथ घेऊन छोटं दुकान टाकलं होतं. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, पिंजरा दोन टेकूंवर ठेवला आणि फिरवला. एकदा. दोनदा.

"धार किसने लगाई?"

"मैंने."

"कैसी लगाई?"

"एकदम ब्लेड जैसी."

"तो ले जा, दाढ़ी बना इससे."

मग देवरामने कागदाची कात्री आणून दाखवली. म्हणाला, ही बोटाला कापत नाही, कागदाला कापते, का? दोन पाती एकमेकांना पूर्ण लांबीत टेकतात म्हणून. हे मशीन सुरी नव्हे, कात्री आहे. पाच पात्यांची पाचही टोकं एका गोलाईत पाहिजेत, केस जाईल इतकाही फरक नको. तू एकेक पातं वेगळं घासलंस. एक उंच, एक खोल, एकाच्या मध्यात खड्डा. नऊ वर्षं माझ्याकडे बेअरिंगचं काम केलंस आणि एवढं दिसलं नाही?

विष्णूला ते तिथल्या तिथे दिसलं. फिटर नसता तर त्याने हे केलंच नसतं. हात चांगला होता म्हणूनच एवढं नुकसान एवढ्या सफाईने झालं होतं.

"खराद पे हो जाएगा?"

देवरामने नकारार्थी मान हलवली. पिळाचं पातं लेथवर टूल लागताच हादरतं आणि तुटतं. हातानेच करावं लागेल. काजळ मारून. सगळ्यात खोल जे आहे, तिथपर्यंत बाकी सगळी उतरवायची. "लोहा बचा तो बचा," तो म्हणाला आणि पाती घासायच्या पेस्टचा एक अर्धा डबा त्याने विष्णूच्या पिशवीत टाकला. ट्रकच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना लावतात ती. डबा दोन्ही बाजूंनी उघडायचा. एकीकडे जाड, एकीकडे बारीक.

बसमध्ये पिंजरा मांडीवर घेऊन येताना त्याला आठवलं, मेसच्या मागच्या शेडमध्ये बाप पावसाळ्यात मशीन उलटं टाकून पिंजरा उलटा फिरवत बसायचा. पट्टीवर तेल आणि विटेची भुकटी. तासन् तास. विष्णू लहान होता. त्याला वाटायचं गंज काढतायत. विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट लोखंड किती उरलं ही. खालची पट्टी दोन बाजूंच्या दोन स्क्रूंनी वर येते. पाती झिजली की पट्टी वर घ्यायची. स्क्रूचे आटे संपले, की पट्टी पात्यापर्यंत पोचत नाही आणि मशीनचं भंगार होतं. बापाच्या हातून आलं तेव्हा नऊ आटे शिल्लक होते. विष्णूच्या धारेने तीन गेले. आता सगळी पाती खोलातल्या खोल पात्याइतकी उतरवायची म्हणजे अजून किती जातील ते घासल्याशिवाय कळणार नव्हतं.

काम असं. गिरिजा तेलाच्या दिव्यावर पितळेची ताटली धरायची. जमलेली काजळी तेलात कालवून विष्णू पट्टीवर पातळ फासायचा आणि पिंजरा हाताने एकदा फिरवायचा. पात्याचा जो भाग उंच, तिथे काळं लागायचं. तेवढंच काळं कानशीने काढायचं. चार हात, जास्त नाही. पुसायचं. पुन्हा काजळ, पुन्हा फिरवायचं, पुन्हा काळं बघायचं. पिळाच्या पात्यावर कानस सरळ चालत नाही. मनगट वळवत न्यावी लागते. एका पात्याची एक फेरी करायला पाऊण तास. उजेडात नऊ फेऱ्या. दिवसाला दहाव्या फेरीचा हात भरवशाचा राहत नाही, म्हणून तो दहावी करायचा नाही.

मैदानाचं कामही चालूच होतं. सकाळी दोन तास पाणी. उपटलेल्या डागांत गिरिजाने कडेची दूब, म्हणजे हरळी, काढून लावली, एकेक काडी, बोटाने माती दाबत.

चौथ्या दिवशी दिवाळी. पाडव्याला विष्णू झोटवाड्याला जाऊन आला. न जाणं वाईट दिसलं असतं. दिलीपने शंकरपाळ्यांचं ताट पुढे केलं.

"नवीन घर कसं आहे?"

"चांगलं आहे."

"आणि ते मशीन? चालतं मतलब?"

"चालतं."

"मी तर म्हटलं होतं, भंगारात घाल. बाबांनी आपल्याला काय, एकेक ओझं दिलं."

विनया आतून म्हणाली, "भावजी, जेवून जा हं." शिलाई मशीनशेजारी आता दुसरंही एक आलं होतं. विनयाने कामाला एक मुलगी ठेवली होती. विष्णू जेवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि बस पकडून परत आला.

सहाव्या दिवशी त्याच्या हातून चूक झाली. चार पाती बऱ्यापैकी एका गोलाईत आली होती. तिसरं उरलं होतं. त्याच्या मधोमध काळं जातच नव्हतं. उजेड उतरत आला होता. त्याने चारऐवजी दहा हात मारले. काजळ फासून फिरवून बघितलं तर तिसऱ्यावर मध्ये काहीच लागलं नाही. पात्यालाच खड्डा. आता सगळ्यात खोल तेच झालं. म्हणजे बाकीची चार पुन्हा त्याच्याइतकी उतरवायची.

त्याने कानस खाली ठेवली. पाठ टाकीच्या भिंतीला टेकवून तो बसला. हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. समोर मैदान होतं, त्यावर मातीचे डाग होते आणि डागांत गिरिजाने लावलेल्या काड्या अजून धरल्या की नाही ते कळत नव्हतं. सांगानेरचा तो माणूस कुठल्या तरी घरात आपल्या मशीनला तेल देत असेल. त्याला बायको असेल, सामान असेल. तोही हातगाडी करेल.

गिरिजा ताटली घेऊन आली. त्याच्याकडे बघून खाली बसली.

"किती उरलं?"

"चार होते. हे घेतल्यावर दोन राहतील."

"दोन म्हंजी?"

"दोन आटे. ते संपले की लोखंड."

"मग हळू घासा," ती म्हणाली आणि ताटली पुढे सरकवली.

पुढचे तीन दिवस तो चार हातांऐवजी दोनच मारायचा. फेऱ्या लहान झाल्या, पण दुप्पट. गिरिजाच्या डोळ्यांत काजळ नव्हतं, पण नखांत, ओंजळीत, पदरात सगळीकडे काजळी. भाकरीलाही तिचा वास यायचा. बोलणं फार नव्हतं. ती फक्त अधूनमधून म्हणायची, "आता पुसा, बघू," आणि ती म्हणाली की तो पुसायचा. कारण त्याला आता स्वतःच्या घाईचा भरवसा उरला नव्हता.

नवव्या दिवशी पाचही पात्यांना टोकापासून टोकापर्यंत काळी रेघ आली. बारीक, सलग. मग पेस्ट. साखळी काढून त्याने पिंजऱ्याच्या आसाला लोखंडी सळईचं हँडल बसवलं. गिरिजा उलटं फिरवायची आणि विष्णू ब्रशने जाड पेस्ट लावत, आवाज ऐकत, स्क्रू केसाकेसाने वर घ्यायचा. पेस्ट चावत असते तोवर आवाज खरखरीत येतो. तो मऊ झाला की स्क्रू घ्यायचा. पाचशे फेरे झाले की हात बदलायचा. पहिल्या दिवशी सहा हजार फेरे. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी बारीक पेस्ट, पाच हजार. एकोणीस हजार फेरे, त्यातले निम्म्याच्या वर गिरिजाचे. तिच्या तळव्याला आलेले फोड फुटून पुन्हा आले.

बाराव्या दिवशी संध्याकाळी सगळं धुऊन, पुसून, तेल देऊन त्याने वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि पात्याखाली धरली. गिरिजाने सावकाश फिरवलं. कागद कापला गेला. पहिलं पातं, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. दुसरं. तिसऱ्याला मध्ये कागद नुसता दुमडला.

विष्णूने दोन्ही स्क्रू अष्टमांश फेरा वर घेतले. पुन्हा कागद. कापला.

"दोन राहिले?" गिरिजाने विचारलं.

"दोनला थोडे कमी."

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर त्यांनी सुरुवात केली. गवत चार बोटं वाढलेलं, त्यामुळे मशीन जड चाललं. दहा पट्टे झाले की थांबायचं, पिंजऱ्यात अडकलेलं काढायचं. ओढायला विष्णू पुढे झाला, कारण गिरिजाचे हात दोरी धरण्याच्या स्थितीत नव्हते. दांडा तिने कोपरांनी ढकलला. पण आवाज बदलला होता. किंचाळणं नाही. एकसारखी कर्र कर्र, जशी त्याने लहानपणी मेसच्या मैदानावर ऐकली होती. चार वाजता शंभरावा पट्टा झाला. डागांतल्या दुबेच्या काड्यांपैकी बऱ्याच धरल्या होत्या. ज्या धरल्या नव्हत्या तिथे गिरिजाने कापलेलं गवत बारीक करून दाबलं.

मंत्रीजी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चपला फाटकाशी काढल्या आणि मैदानावर अनवाणी एक चक्कर मारली. मधोमध थांबून टाचेने दाबून बघितलं.

"ये हुई बात." त्यांनी खिशातून कागद काढला. या ग्यारशीपासून पुढच्या ग्यारशीपर्यंत. खोली, पाणी, मैदानाची कापणी दर आठवड्याला. "और शेडगेजी, मेरे घर की भी छोटी-सी लॉन है. पंद्रह दिन में एक बार."

"जी."

"मशीन ठीक है ना? साल निकाल देगी?"

विष्णूने मशीनकडे बघितलं. आयुष्यात त्याने कुठल्याच कामाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. माल कच्चा असेल तर तो फोरमनच्या तोंडावर कच्चा म्हणायचा. त्यासाठी दोनदा बोलणीही खाल्ली होती.

"जी, ठीक है," तो म्हणाला आणि त्याने सही केली.

लग्न झालं. दिवे, ढोल, घोडी, दीड हजार माणसं मैदानावरून चालून गेली. तिसऱ्या दिवशी पत्रावळ्या वेचून झाल्यावर विष्णू टाकीच्या कठड्यावर बसून हिशेब करू लागला. पाव फेरा घेतला की मशीन तीन कापण्या चालतं. दोन आटे म्हणजे आठ पाव. चोवीस कापण्या. कडाक्याच्या थंडीत गवत वाढत नाही, ते दिवस सोडले तरी वर्षाच्या छत्तीस. मंत्रीजींच्या घरची धरली तर त्याहून वर. पावसाळ्यात कधीतरी, बहुतेक श्रावणातच, पट्टी पोचायची थांबेल आणि त्यानंतर चार महिने कागदावर राहतील.

गिरिजाला त्याने हे सांगितलं. सांगितलं नसतं तरी तिला ठाऊक होतं. स्क्रू तिनेही बघितला होता.

"मानसं कुठवर बघत्यात?" तिने विचारलं.

"मतलब?"

"मांडव कुठं असतो, खुर्च्या कुठं, बसत्यात कुठं? पुढचंच. मागं टाकीकडं कोन येतंय? सैपाकाच्या भट्ट्या तिकडंच लागत्यात."

तिने दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन विळे आणले. तिच्या माहेरी डोंगराचं गवत विळ्याने कापायचे; ती आठ वर्षांची असल्यापासून कापत आली होती. विष्णूने ते हातात घेऊन बघितले, मग लाकडाच्या दोन फळ्या तासल्या, बरोबर दोन बोटं उंच. फळी गवतात आडवी टेकवायची आणि विळा तिच्या वरून न्यायचा, म्हणजे मशीनने कापल्यासारखी उंची येते. पुढचा तिसरा हिस्सा मशीनने कापायचा, बाकी दोन हिस्से असे. चोवीस कापण्यांच्या बहात्तर होतात. वर्ष निघतं.

मंगळवारी पहाटेच्या थंडीत दोघं मैदानाच्या मागच्या टोकाला उकिडवी बसली. फळी टेकवायची, मूठ धरायची, कापायचं, मूठ बाजूला, फळी पुढे. गिरिजाच्या दोन फळ्या व्हायच्या तेव्हा विष्णूची एक. तिच्या तळव्यांना चिंध्या बांधल्या होत्या. ऊन वर आलं तसा त्याने टाकीपासून मोजायला सुरुवात केली.

"किती?" तिने मान वर न करता विचारलं.

"चौदा पावलं. रुंदी अर्धीच."

"उद्या वीस हुतील."

"नाही होणार. हात आखडलेले असतील."

दुसऱ्या दिवशी सोळा झाली. तिसऱ्या दिवशी पंधरा. आठवडा संपत आला तेव्हा दोन हिस्से पुरे झाले आणि विष्णूने पाठ सरळ करून मागे बघितलं. जिथून सुरुवात केली होती तिथलं गवत एक बोट वर आलं होतं. त्याने विळा पुसला, फळी उचलली आणि टाकीच्या बाजूला चालत गेला. गिरिजा आधीच तिथे फळी टेकवून बसली होती.